लॅपटॉप निकालात काढण्यापूर्वी

मध्यमवर्गीय मराठी घरात आज बहुधा एक तरी असा लॅपटॉप असतो, जो आठ-दहा वर्षांपूर्वी मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणाच्या निमित्ताने हप्त्यांवर घेतला गेला, शिक्षण संपल्यावर आईवडिलांकडे आला, आणि आता सोसायटीच्या सभांचे इतिवृत्त, शिकवणीच्या प्रश्नपत्रिका, निवृत्तिवेतनाचा पत्रव्यवहार, प्राप्तिकराची विवरणपत्रे, जमिनीच्या वाटणीचे मसुदे आणि कुटुंबाची छायाचित्रे या सर्वांचे एकमेव दप्तर होऊन बसला आहे. या दप्तरात व्हायरस शिरला, पडद्यावर नको त्या जाहिराती उमटू लागल्या, फोल्डरांच्या जागी त्यांचे शॉर्टकट दिसू लागले, किंवा यंत्र सुरू होण्यासच पाव तास लागू लागला, म्हणजे ते दुरुस्तीच्या दुकानात नेले जाते आणि तेथे दोहोंपैकी एक निकाल मिळतो: ‘आता यात काही अर्थ नाही, नवीनच घ्या’, अथवा, ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा.’ यांपैकी पहिला निकाल बहुधा घाईचा असतो. आणि दुसरा मुळात योग्य असूनही, आपल्याकडील पुष्कळ दुकानांतून तो ज्या रीतीने अमलात येतो ती रीत इतकी सदोष आहे की, तिच्यामुळे ग्राहकाचे दस्तऐवज, त्याचा पैसा आणि त्याची सुरक्षितता या तिन्हींना अपाय पोहोचतो. ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवणे हे काम किरकोळ नव्हे. ते सचोटीने आणि विधिपूर्वक झाले पाहिजे, आणि तसे करून घेण्याचा आग्रह ग्राहकाने धरला पाहिजे, असे माझे आग्रहाचे प्रतिपादन आहे.

अँटिव्हायरसने व्हायरस शोधून काढून टाकला म्हणजे काम भागले, असे मानणारे लोक पुष्कळ आहेत, आणि एके काळी ही समजूत बऱ्याच अंशी खरीही होती. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांवरचा पहिला व्हायरस मानला जातो; तो फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात जाऊन बसे, आणि त्याच्या कर्त्यांनी त्यात आपली नावे, पत्ता आणि दूरध्वनीचे क्रमांकदेखील नमूद करून ठेवले होते. अशा व्हायरसाची खूण पटवून त्याचा तेवढाच भाग काढून टाकता येत असे. त्याच काळाच्या गरजेतून, पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकर यांच्या व्यवसायात, त्यांचे बंधू संजय काटकर यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमपासून, १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस आकाराला आले, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. परंतु पुढे आलेल्या व्हायरसांची जात निराळी होती. ‘सॅलिटी’ आणि ‘रॅमनिट’ यांसारखे व्हायरस डिस्कवरील एकूण एक चालणाऱ्या फाइलीत स्वतःला मिसळून टाकतात, अँटिव्हायरस बंद पाडतात, आणि झेरॉक्सच्या दुकानात दोन पानांची प्रिंट काढण्यासाठी लावलेल्या पेन ड्राइव्हवर बसून दुसऱ्या घरी जातात. याहून अलीकडचे काही प्रोग्रॅम तर कोणतीही मोडतोड न करता, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गुपचूप परक्याच्या हवाली करतात; मालकाला त्याची वार्ता लागते ती बँकेचा संदेश आल्यावरच.

शिवाय यात तर्काचाही एक प्रश्न आहे. संगणकाच्या अंतर्भागात खोलवर शिरलेला प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमला हवे ते दाखवू आणि नको ते लपवू शकतो. आणि अँटिव्हायरस जे काही पाहतो ते त्याच ऑपरेटिंग सिस्टिमच्या डोळ्यांनी पाहतो. ज्या यंत्राचा ताबा परक्याकडे गेला आहे, त्या यंत्राचीच साक्ष काढून ते निर्दोष ठरवणे हे कोणत्याही न्यायाला धरून होणार नाही. म्हणूनच जाणकार माणूस बाधित डिस्कवरील सर्व काही पुसून, दुसऱ्या स्वच्छ यंत्रावर तयार केलेल्या प्रतीवरून ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा बसवतो.

मोठमोठ्या कंपन्यांनाही, वेळ आली तेव्हा, हाच मार्ग पत्करावा लागला आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम जगभर पसरला, आणि त्याच्या तडाख्यात मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी सापडली. आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या कंपनीच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामकाजही त्यामुळे ठप्प झाले होते. कंपनीचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी पुढील जानेवारीत दाव्होस येथे सांगितले की, सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक यांवर दहा दिवसांत सर्व काही नव्याने बसवावे लागले. कंपनीच्या संपूर्ण जाळ्याची ओळखयादी जपणारे सर्व्हर जगभर एकाच वेळी नष्ट झाले होते. त्यातील एक घाना देशातील कार्यालयात, ऐन वेळी वीज गेलेली असल्यामुळे, बचावला आणि त्याच्याच आधाराने पुढची उभारणी झाली. जगातील अग्रगण्य जहाज कंपनीची मालमत्ता वीज खंडित होण्याच्या एका योगायोगावर तरली, हे लक्षात घेतले म्हणजे घरातल्या एकुलत्या एक डिस्कवर वीस वर्षांची कागदपत्रे ठेवून निश्चिंत राहणे किती जोखमीचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

आता दुकानातील रीतीकडे वळू. भारतातील लॅपटॉपच्या डिस्कचे सामान्यतः सी, डी असे भाग पाडलेले असतात, आणि ‘फॉरमॅट मारणे’ म्हणजे व्यवहारात बहुधा सी हा भाग पुसणे एवढाच अर्थ असतो. डी मध्ये ग्राहकाचा ‘डेटा’ आहे म्हणून त्याला हात लावला जात नाही. हेतू चांगला आहे, पण फळ वाईट येते. डी मध्ये दस्तऐवजांच्या शेजारी जुनी सॉफ्टवेअरे, त्यांच्या सेटअप फाइली, मित्राकडून आणलेले खेळ असे सारे असते, आणि वर सांगितलेले फाइलखाऊ व्हायरस नेमके त्याच फाइलींत दडून राहिलेले असतात. वाळवी लागलेल्या घराची चौकट तेवढी नवी घालून वासे तसेच ठेवावेत, त्यातलाच हा प्रकार आहे: पंधरा दिवसांत ग्राहक त्यातली एखादी फाइल उघडतो, आणि लॅपटॉप पुन्हा दुकानात येतो. योग्य रीत अशी की, दस्तऐवज आणि छायाचित्रे प्रथम बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावीत, चालणारी एकही फाइल सोबत घेऊ नये, मग डिस्कचे सर्व भाग मोडून ती कोरी करावी, आणि परत आणलेल्या प्रत्येक फाइलीची नव्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अँटिव्हायरसकडून तपासणी करून मगच ती आत घ्यावी.

दुसरा दोष याहून गंभीर आहे, आणि त्याविषयी मला अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे. दुकानदाराच्या पेन ड्राइव्हवर बहुतेक वेळा विंडोजची ‘प्रो’ आवृत्ती असते, आणि ती ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करण्यासाठी परवान्याची पडताळणी चुकवणारा एक लहानसा चोरटा प्रोग्रॅम असतो. हा प्रोग्रॅम चालवताना अँटिव्हायरस बंद करावा लागतो. पुष्कळदा तो पुढेही बंदच ठेवला जातो, आणि काही वेळा कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्याही रोखल्या जातात. म्हणजे व्हायरस काढण्यासाठी आलेल्या यंत्रात, कोणी लिहिला आणि त्यात आणखी काय घातले याचा पत्ता नसलेला प्रोग्रॅम, सर्वोच्च अधिकार देऊन, स्वहस्ते बसवला जातो. असे प्रोग्रॅम हे रॅन्समवेअर आणि पासवर्डचोर यांचे एक आवडते वाहन आहे. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे ‘स्टॉप’ अथवा ‘डीजेव्हीयू’ नावाचे कुळ मुख्यतः चोरट्या सॉफ्टवेअरांतूनच पसरले. सुरक्षा-दुरुस्त्या रोखण्याचे परिणामही जगाने पाहिले आहेत: ज्या छिद्रातून मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांपर्यंत सर्वत्र धुमाकूळ घातला, ते छिद्र बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये प्रसिद्ध केली होती. ज्यांनी ती वेळेवर घेतली, ते त्या छिद्रापुरते सुरक्षित राहिले.

सर्वांत विषादाची गोष्ट ही की, या चोरीची बहुतांश ग्राहकांना गरजच नसते. नामांकित कंपन्यांचे जे लॅपटॉप २०१२ नंतर, म्हणजे विंडोज ८ आणि त्यापुढील आवृत्त्यांसह विकले गेले, त्यांच्या परवान्याची किल्ली लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच लिहिलेली असते. आणि विंडोज १० एकदा रीतसर अ‍ॅक्टिव्हेट झालेले असेल, तर त्याची नोंद त्या मदरबोर्डाशी जोडून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहते. इंटरनेटला जोडताच ती नोंद रुजू होते. ऑपरेटिंग सिस्टिमची प्रत तयार करण्याचे साधन मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, आणि त्यासाठी लागतो तो केवळ आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह. अडचण येते ती एवढीच की, भारतात विकल्या गेलेल्या घरगुती लॅपटॉपांवर बहुधा ‘होम सिंगल लँग्वेज’ ही आवृत्ती असते, आणि दुकानदाराने त्यावर ‘प्रो’ टाकली की फर्मवेअरमधील किल्लीशी ती जुळत नाही. ज्या आवृत्तीचे पैसे ग्राहकाने लॅपटॉपच्या किमतीतच भरले आहेत, ती आवृत्ती बसवली तर ना किल्ली विचारली जाते, ना चोरट्या प्रोग्रॅमची गरज पडते. ग्राहकाच्या मालकीची सनद अशा रीतीने दुकानाच्या टेबलावर रद्द होते, आणि जाणूनबुजून चोरट्या प्रतीचा वापर केल्यास शिक्षा सांगणारे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ब मात्र त्याच ग्राहकाच्या माथी लागू होऊ शकते. दुकानदारांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, त्यांना या कामाचा मोबदला फार थोडा मिळतो, ग्राहक संध्याकाळी यंत्र हवे म्हणून तगादा लावतो, आणि रीतसर पद्धतीला लागणाऱ्या तासांचे पैसे द्यायला कोणी तयार नसते. हे बदलायचे तर ग्राहकाने वाजवी मोबदला देण्याचीही तयारी ठेवली पाहिजे.

डिस्क पुसण्यापूर्वीची तीन कामे थोडक्यात सांगतो. बँक, ईमेल आणि इतर महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून, उदाहरणार्थ फोनवरून, तत्काळ बदलावेत. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर विनाविलंब कळवावे. रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या असतील तर ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवून त्या परत मिळत नाहीत; परंतु त्यांची नक्कल मात्र जपून ठेवावी, कारण नेदरलँड्सचे पोलिस, युरोपोल आणि काही सुरक्षा-कंपन्या यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमातून काही कुळांची कुलुपे कालांतराने उघडता आलेली आहेत.

परंतु मराठी माणसाच्या बाबतीत याहून एक निराळेच संकट उभे राहते, आणि इंग्रजीत काम करणाऱ्याला त्याची कल्पनाही येत नाही. १९९० च्या दशकापासून आपल्याकडील लेखन, मुद्रण आणि कचेऱ्यांचा कारभार ज्या संगणकीय फाँटांवर चालला, ते फाँट युनिकोडपूर्व पद्धतीचे होते: इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांच्या जागी देवनागरीचे तुकडे, म्हणजे काना, वेलांटी, अर्धाक्षरे, बसवलेले. श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रत्येक प्रणालीची मांडणी वेगळी. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते आणि विंडोज २००० पासून तिचा आधारही मायक्रोसॉफ्टने दिला. तरीही वकिलांचे मसुदे, पतसंस्थांचे अहवाल, ग्रामपंचायतींचे ठराव, दिवाळी अंकांच्या जुळण्या, पीएच.डी.चे प्रबंध आणि अनेक लेखकांची अप्रकाशित हस्तलिखिते यांचा मोठा भाग पुढे कित्येक वर्षे जुन्याच फाँटांत टाइप होत राहिला. ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवली की सी भागातील फाँटांचा फोल्डर पुसला जातो, आणि काळजीपूर्वक वाचवून ठेवलेली फाइल उघडावी तो समोर मराठीऐवजी रोमन अक्षरांची, कंसांची आणि चिन्हांची अर्थहीन रांग येते. मजकूर नष्ट झालेला नसतो. त्याचे वाचन करणारी किल्ली नष्ट झालेली असते. मूळ सॉफ्टवेअरची सीडी हरवलेली, डोंगल मोडलेले, विकणारा दुकानदार व्यवसाय सोडून गेलेला, आणि फाइलीत कोणता फाँट होता याची आठवणही कोणाला नाही, अशा अवस्थेत त्या फाइली घरोघरच्या डिस्कांवर मृतवत पडून राहतात.

यावर उपाय आहेत, पण ते सर्व डिस्क पुसण्यापूर्वीच करावे लागतात. लॅपटॉप पेन ड्राइव्हवरील लिनक्सवरून सुरू करता येतो. त्या वेळी डिस्कवरील विंडोज निद्रिस्त असते, त्यातील व्हायरसही चालत नाही, आणि दस्तऐवजांची नक्कल निर्वेधपणे काढता येते. याच वेळी विंडोजच्या फोल्डरातील ‘फाँट्स’ हा फोल्डर संपूर्ण उचलून घ्यावा. पुढे नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ते फाँट, परवाना आपल्याकडे आहे याची खातरजमा करून, परत बसवले की जुन्या फाइली वाचता येतात. आणि मग त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे. त्यासाठी रूपांतरकारक प्रोग्रॅम उपलब्ध आहेत, परंतु त्यांनी दिलेला मजकूर डोळ्यांखालून घालणे अनिवार्य आहे, कारण रफार, अर्धा र आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागी त्यांची गफलत होते. ज्या फाइलींना पुन्हा हात लावायचा नाही, त्यांची पीडीएफ प्रत करून ठेवल्यास फाँट तिच्यातच अंतर्भूत होतो आणि ती कोणत्याही यंत्रावर जशीच्या तशी दिसते. हे एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका घाईच्या दुरुस्तीत जो मराठी मजकूर दृष्टिआड होतो, त्याची मोजदाद कोणी ठेवत नाही, आणि त्याची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते. छापील ग्रंथ ग्रंथालयात तरी सापडतो; एखाद्या शिक्षकाने वीस वर्षे जमवलेला बोलीतील म्हणींचा संग्रह त्याच्या लॅपटॉपाबरोबरच लोपतो.

यानंतरचा प्रश्न, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम बसवावी. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी भरली, आणि घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष सुरक्षा-दुरुस्त्या देण्याची स्वतंत्र योजना कंपनीने आखली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणतः २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१५ किंवा २०१६ साली घेतलेला, कळफलक, पडदा, बिजागऱ्या सर्व शाबूत असलेला लॅपटॉप केवळ या अटींत बसत नाही म्हणून अधिकृतरीत्या कालबाह्य ठरतो. अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. परंतु अशा यंत्राला पुढील दुरुस्त्या मिळतील याची हमी कंपनी देत नाही, म्हणून ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात त्यावर त्या युक्त्या करू नयेत, असे माझे मत आहे.

माझी शिफारस लिनक्सची आहे, आणि ती मी विचारपूर्वक करतो. १९९१ साली लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने आरंभिलेली ही प्रणाली आज जगातील बहुसंख्य सर्व्हर आणि सर्व अँड्रॉइड फोन यांच्या गाभ्याशी आहे. तिची ‘मिंट’ किंवा ‘उबुंटू’ यांसारखी रूपे विनामूल्य, कायदेशीर आणि मराठी युनिकोड व इन्स्क्रिप्ट कळफलक यांच्या आधारासह मिळतात. मिंटची हलकी आवृत्ती चार जीबी रॅमवर समाधानाने चालते. आपल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाचे भारतीय रूप तयार केले आहे, आणि केरळच्या सरकारी शाळांतून मुक्त सॉफ्टवेअरवर आधारलेली प्रणाली गेली अनेक वर्षे मुले सहजपणे वापरत आली आहेत. ईमेल, पत्रलेखन, हिशेब, चित्रपट, वर्तमानपत्रे आणि बँकेची संकेतस्थळे एवढाच ज्याचा वापर आहे, अशा निवृत्त माणसाला लिनक्सवर काहीही उणे पडत नाही. मात्र ज्याला डिजिटल स्वाक्षरीचे टोकन घेऊन निविदा भराव्या लागतात, ज्याचे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते, किंवा ज्याची डीटीपीची जुळणी जुन्या प्रणालीत आहे, त्याने लिनक्सच्या भरीस पडण्यापूर्वी आपले काम तेथे होते की नाही याची परीक्षा पेन ड्राइव्हवरूनच करून पाहावी. ही परीक्षा डिस्कला धक्काही न लावता होते. आणि जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली, तर नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या अल्पांशात यंत्राला जो वेग येतो, तो प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. शिवाय जुनी डिस्क अलग राहिल्यामुळे दस्तऐवज गमावण्याची भीतीही उरत नाही.

जुना लॅपटॉप टिकवण्याचा हा आग्रह केवळ काटकसरीपोटी नाही. लॅपटॉपमुळे पर्यावरणावर पडणाऱ्या भाराचा बराच मोठा वाटा त्याच्या निर्मितीत, म्हणजे खनिजे काढण्यापासून चिप घडवण्यापर्यंतच्या प्रक्रियेत, खर्ची पडलेला असतो. चालू यंत्र भंगारात टाकले की तो सारा व्यर्थ जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमून एक पोर्टलही उघडले. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण दुरुस्तीच्या हक्काच्या या प्रयत्नाची दृष्टी मुख्यतः सुटे भाग आणि हमी यांवर आहे. ज्या यंत्राचा एकही भाग बिघडलेला नाही आणि जे केवळ सॉफ्टवेअरच्या मुदतीमुळे निकामी ठरले, त्याच्या मालकाचा हक्क अद्याप कोणी निःसंदिग्धपणे मांडलेला नाही. विकताना लॅपटॉपला किती वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतील हे खोक्यावर ठळकपणे छापण्याची सक्ती सरकारने केली पाहिजे.

महाराष्ट्र शासनाकडे तर या कामासाठी यंत्रणा तयारच आहे. गावोगावच्या आयटीआयमधून संगणक परिचालनाचा ‘कोपा’ अभ्यासक्रम चालतो; तेथील विद्यार्थ्यांकडून, निदेशकांच्या देखरेखीखाली, अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांत महिन्यातून एक दिवस अशी शिबिरे भरवता येतील की, जेथे नागरिकाने आपला लॅपटॉप आणावा, त्याच्यासमक्ष दस्तऐवजांची नक्कल व्हावी आणि परवानाशुद्ध ऑपरेटिंग सिस्टिम बसवली जावी. राज्य मराठी विकास संस्थेने जुन्या फाँटांतील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारी सेवा सर्वांसाठी विनामूल्य उघडावी, आणि आवश्यक फाँटांचे परवाने त्यांच्या कंपन्यांकडून या मर्यादित कामापुरते मिळवावेत. विद्यार्थ्यांना हाताला काम, ग्रंथालयांना नवे वाचक आणि मराठीला तिचा हरवत चाललेला मजकूर, असे तीन लाभ एका खर्चात साधण्यासारखे आहेत.

हे होईल तेव्हा होवो. तोवर वाचकांना माझी विनंती आहे की, लॅपटॉप दुरुस्तीस टाकताना दुकानदाराकडून पावतीवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: दस्तऐवज आणि फाँट यांची नक्कल घेतली जाईल, संपूर्ण डिस्क कोरी केली जाईल, लॅपटॉपसोबत आलेल्या परवान्याचीच आवृत्ती किंवा लिनक्स बसवले जाईल, आणि कोणताही अ‍ॅक्टिव्हेटर चालवला जाणार नाही. या कामाला एक दिवस अधिक लागला तर तो द्यावा, पैसे अधिक पडले तर तेही द्यावेत. आणि जो दुकानदार असे लिहून देण्यास नकार देईल, त्याच्या टेबलावरून आपला लॅपटॉप उचलून दुसऱ्या दुकानात न्यावा.